नोराबाईंची जाळी

नोराबाईंचं आडनाव सोलापुरात कुणालाच नीट उच्चारता आलं नाही. शाळेच्या हजेरीपटावर ते इंग्रजीत लिहिलेलं असे आणि आमचे शिपाई तात्या ते दर वेळी वेगळं वाचत. शेवटी मुलींनी आडनावाचा नाद सोडला आणि नावाला 'बाई' जोडून टाकलं. पुढे साखर पेठेतल्या तेलुगू विणकरांनी त्यांना नोरम्मा केलं. मी मात्र त्यांना नुसतं 'बाई' म्हणे, आणि त्या मला 'टीचर' म्हणत. तशा शाळेत सगळ्याच टीचर होत्या, पण त्यांच्या तोंडी तो शब्द माझ्यापुरता होता. शाळेत आल्या तेव्हा त्यांना मराठी शिकवायचं काम माझ्याकडे आलं होतं.

ही शाळा मुलींची, मिशनची. अमेरिकेतून आलेल्या एक प्रौढ बाई ती चालवत, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. मी अक्कलकोटकडची. लग्नानंतर वर्षाच्या आत कपाळ पांढरं झालं, म्हणून वडिलांनी ट्रेनिंग देऊन मास्तरीण केली. शाळेच्या आवारातच मला खोली होती, आणि नोराबाई आल्या त्या माझ्या शेजारच्या खोलीत. मधे एक पातळ भिंत. त्यांच्याकडे कपबशीचा आवाज झाला तरी मला कळे, आणि तो नेहमी एकाच कपाचा असे.

उंच, हाडकुळ्या, विटकरी रंगाचे केस, आणि तोंडभर तांबूस ठिपके. लहान मुली मला हळूच विचारत, बाईंना देवी आल्या होत्या का? मी तो प्रश्न एकदा त्यांना मराठीचा धडा म्हणून सांगितला. त्या इतक्या हसल्या की पदर नसल्यानं डोळ्यांना बाही लावावी लागली. त्या इंग्रज नव्हत्या, आयर्लंडच्या होत्या, आणि हा फरक त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच समजावून सांगितला. कुणा लष्करी साहेबाची मुलं सांभाळायला आणि शिवणटिपण करायला म्हणून त्या हिंदुस्थानात आल्या. साहेब मुलाबाळांसकट विलायतेला परतला, त्या राहिल्या. का राहिलात, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "परत जायला घर लागतं, टीचर." मला वाटलं, मराठी चुकली असेल. त्यांना गाव म्हणायचं असेल. मी ते वाक्य दुरुस्तही केलं. त्यांनी मान हलवली आणि वहीत माझं वाक्य उतरवून घेतलं.

मराठी मी त्यांना पुस्तकातली शिकवली, पण त्यांनी उचलली मुलींची. मोठ्या बाईंनी काही विचारलं की या भर ऑफिसात "व्हय की" म्हणत. चहाला 'लई ग्वाड' म्हणत. मी कपाळाला हात लावी. त्या म्हणायच्या, तुमची मराठी बोलायला घेतली की कुणी बोलत नाही माझ्याशी, या मराठीत सगळे बोलतात.

त्यांना नेमलं होतं शिवण शिकवायला. पण पहिल्याच दिवशी त्यांनी मोठ्या बाईंना सांगितलं की शिवण कुणीही शिकवील, मी लेस शिकवीन. आमच्याकडे लेस म्हणजे पोलक्याच्या बाहीला लावायची बाजारातली पट्टी. ती कुणी बसून हातानं करतं, हेच आम्हाला नवं होतं. त्यांची लेस नुसत्या सुईदोऱ्याची. लहानपणी गावच्या ख्रिस्ती जोगिणींच्या, म्हणजे नन्सच्या, शाळेत त्या शिकल्या होत्या. तिथे समुद्रकाठी घरोघर बायका ही जाळी करत, असं त्या सांगत.

आधी दोन पदरी कापड घ्यायचं. त्यावर नक्षी काढलेलं मेणकापड ठेवायचं. नक्षीच्या रेघांवरून दोरा फिरवून तो बारीक टाक्यांनी टाचून घ्यायचा. मग त्या दोऱ्यांच्या मधल्या जागा काजटाक्यानं भरत जायच्या. आपण बटणाच्या काजाला घालतो तोच टाका, पण सुई कापडाला लावायची नाही. टाक्यात टाका अडकवत अधांतरी जायचं. एक पान भरायला आठवडा जाई. मुली कंटाळत, माना अवघडत, अर्ध्याअधिक गळाल्या. उरलेल्यांना वाटे की आपण कापडावर वेलबुट्टी काढतो आहोत.

पहिला तुकडा पुरा झाला त्या दिवशी बाईंनी मलाही वर्गात बोलावलं. त्यांनी एक बारीक कात्री घेतली, कापडाचे दोन पदर बोटांनी विलग केले आणि मधले टाके एकेक कापत गेल्या. इतक्या दिवसांचं काम बाई कापून टाकतात, असंच सगळ्यांना वाटलं. शेवटचा टाका तुटला आणि जाळीचं पान वर निघून आलं. पांढरंशुभ्र, कशालाच न चिकटलेलं. त्यांनी ते तळहातावर धरलं, तर खालची हाताची रेघ न् रेघ दिसत होती.

मुली एकदम बोलायला लागल्या. मागच्या कोपऱ्यातली एक मुलगी मात्र कापलेलं कापड उचलून बघत होती. ती नरसम्मा. साखर पेठेतल्या विणकराची मुलगी, सावळी, अबोल. तिनं विचारलं, "मंग कापड कशाला हुतं, बाई?"

"जाळी उभी ऱ्हाईपर्यंत," नोराबाई म्हणाल्या. "मंग न्हाय लागत."

त्या दिवसापासून नरसम्मा त्यांची झाली, असं मला वाटतं.

सोलापूरच्या कोरड्या हवेत तो लिननचा दोरा टिकत नसे. चैत्र लागला की काडीसारखा मोडे. म्हणून बाई भल्या सकाळी काम करत, खिडक्यांना भिजवलेली गोणपाटं लावत आणि पायाशी पाण्याची घागर ठेवत. आमच्या गावात हवाच ओली असते, म्हणायच्या, दोऱ्याला तहान लागत नाही. आभाळ भरून आलं की त्या व्हरांड्यात येऊन तोंड वर करून उभ्या राहत. आम्हा सोलापूरकरांना आभाळ आलं की पिकाची आठवण होते. त्यांना कसली होत असे, ते मी कधी विचारलं नाही.

रविवारी सकाळी शाळेची रांग मिशनच्या देवळाला निघे. पुढे मोठ्या बाई, मागे दोन-दोनच्या ओळीत मुली. फाटकाबाहेर रांग डावीकडे वळे आणि नोराबाई एकट्या उजवीकडे. त्यांचा पंथ वेगळा होता. स्टेशनापलीकडे रेल्वेतल्या गोव्याच्या आणि मद्रासी लोकांचं लहानसं चर्च होतं, तिथे त्या चालत जात. साहेबांच्या बायका क्लबात चहाला जमत, त्यात यांना बोलावणं नसे. शिवणाऱ्या बाईला कोण बोलावणार? आमच्या बायकांच्या हळदीकुंकवालाही त्या येऊ शकत नव्हत्या. गोऱ्यांत त्या गोऱ्या नव्हत्या, आणि आमच्यात तर त्या गोऱ्याच होत्या. मला हळदीकुंकवाला वेगळ्या कारणानं बोलावणं नसे. अशा संध्याकाळी आम्ही दोघी आपापल्या दारात बसून असू. त्या सुई चालवत, मी वह्या तपासत असे. बोलणं फारसं होत नसे.

पाच-सहा वर्षं गेली. वर्गात मुली येत, वर्ष-सहा महिने बसत, लग्न होऊन जात. नरसम्मा तेवढी राहिली. तिच्या बापाला तिच्या लग्नाची घाई नव्हती, कारण घरी मागावर दोन हात कमी पडत होते. दिवसभर घरच्या मागाचं काम आणि सकाळी दोन तास शाळेत येऊन लेस. तिचा हात असा बसला होता की तिचं पान कुठलं आणि बाईंचं कुठलं, हे मला ओळखता येत नसे. बाई ओळखत. म्हणत, हिचं पान जरा हसतं.

त्याच सुमाराला एका बड्या साहेबाच्या मडमेनं मुलीच्या लग्नासाठी डोक्यावरून घ्यायची लांब ओढणी सांगितली. सबंध सुईच्या जाळीची. मोठ्या बाईंना त्याचं फार अप्रूप, शाळेचं नाव होणार होतं. नोराबाईंनी दोरा स्वतःच्या गावाहून मागवला आणि त्या दोघी कामाला बसल्या. वेगवेगळे तुकडे करायचे आणि मग ते जोडायचे. दीड वर्ष ते चाललं होतं. जोडकामापर्यंत येऊन पोचल्या, आणि तीस सालचा मे महिना आला.

त्या मे महिन्यात सोलापुरात काय झालं ते सोलापूरकराला सांगायला नको. मोर्चे निघाले, गोळीबार झाला, मग मार्शल लॉ आला. रस्त्यात पांढरी टोपी दिसली की माणूस उचलत. शाळेला सुट्टी होती. आवारात राहिलेल्या होत्या त्या ज्यांना जायला घर नाही अशा काही मुली, मी आणि नोराबाई. मोठ्या बाई आधीच थंड हवेला गेल्या होत्या.

गोऱ्या बायामुलांना स्टेशनाकडे हलवत होते. एका सकाळी आमच्या फाटकाशी लष्करी लॉरी थांबली आणि एक तरुण सोल्जर आत आला. कोवळा होता, उन्हानं नाक सोललं होतं. नोराबाई व्हरांड्यात काम घेऊन बसल्या होत्या. त्यानं टोपी काढून काहीतरी म्हटलं. बाईंची सुई थांबली. त्यांनी त्याला एक प्रश्न विचारला, त्यानं उत्तर दिलं, आणि मग दोघं भराभर बोलायला लागली. मला थोडं इंग्रजी कळे, पण हे इंग्रजी वेगळं होतं, गाण्यासारखं वरखाली होणारं. त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. बाईंचा चेहरा इतका उजळला होता की त्या क्षणी त्या कुणा दुसऱ्याच घरातल्या वाटल्या.

मग त्यानं लॉरीकडे हात केला. बाईंनी मान हलवली. तो पुन्हा समजावू लागला. बाईंनी आतल्या मुलींकडे बोट दाखवलं, माझ्याकडे दाखवलं, आणि उठून उभ्या राहिल्या. त्यानं टोपी घातली आणि तो गेला. लॉरी निघून गेल्यावर त्या कितीतरी वेळ तिथेच उभ्या होत्या.

मी विचारलं, ओळखीचा होता का?

"न्हाय. माझ्याकडचा होता. शेजारच्या गावचा." मग त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ होता, टीचर. त्याला इंग्रज सरकारचे शिपाई असेच लॉरीतून येऊन घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी शेतात सापडला. मग घर जाळलं. त्या लॉरीतले लोक आमच्यासारखं बोलत नव्हते." थोड्या वेळानं म्हणाल्या, "हा बोलतो."

इतक्या वर्षांत त्यांनी भावाचं नावही काढलं नव्हतं. परत जायला घर लागतं, हे त्यांचं वाक्य मी दुरुस्त केलं होतं, ते मला तेव्हा उमगलं.

रस्ते मोकळे झाल्यावर नरसम्मा आली. तिचा भाऊ मल्लेश टोपीपायी पकडला गेला होता, त्याला शिक्षा झाली होती. ती नेहमीच्या जागी बसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, त्या मडमेच्या जाळीला मी आता सुई लावनार न्हाय. तुमी रागवा."

नोराबाई रागावल्या नाहीत. नरसम्माच्या हातचं अर्धं राहिलेलं काम त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं, इतकंच. नरसम्मा ते बघत राहिली आणि निघून गेली. बाई आपल्या माणसांची बाजू घेतात, असं तिला वाटलं असणार. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. त्यानंतर ती शाळेत आली नाही आणि बाई एकट्याच काम करत राहिल्या. सगळे तुकडे त्यांनी एकटीनं जोडले. पावसाळा गेला, दिवाळी जवळ आली. दिवस लहान झाले तशा त्या खिडकीच्या आणखी जवळ बसू लागल्या.

दिवाळीनंतर एक दिवस त्यांनी मला विचारलं, साखर पेठेत येता का? हातात जुन्या धोतरात गुंडाळलेली वळकटी होती. पेठेत शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंनी मागांची खटखट चालू होती, आमच्याकडे पाहून एकेक माग थांबत गेला. नरसम्माचं घर म्हणजे एक खोली. त्यातला अर्धा भाग मागानं व्यापलेला. मल्लेश सुटून आला होता, खूप वाळलेला, भिंतीला टेकून बसला होता. नरसम्माचं लग्न ठरल्याचं आम्हाला कळलं होतं.

बाईंनी वळकटी सोडली आणि जाळी नरसम्माच्या मांडीवर ठेवली. त्या अंधाऱ्या खोलीत ती उजेडासारखी पसरली. नरसम्मानं हात मागे घेतले. हे मडमेचं आहे, असं काहीतरी ती म्हणाली.

"दोरा माझा. हात तुझे न् माझे," नोराबाई म्हणाल्या. "मडम कुटं हाय यात?"

नरसम्मानं जाळीवर हात ठेवला आणि रडायला लागली. मल्लेशनं तोंड फिरवलं. तिची आई तेवढी भानावर होती. तिनं जाळीचं एक टोक उचलून पाहिलं आणि अडखळत म्हणाली, "नोरम्मा, आमच्यात नवरीला असं पांढरं कोरं न्हाय चालत. हळदीच्या पान्यात घालावं लागतंय."

मी बाईंकडे पाहिलं. दोन वर्षं त्या जाळीवर धुळीचा कण बसू नये म्हणून त्यांनी काय काय केलं होतं, ते मी पाहिलं होतं. हात धुऊन पुसून पावडर लावल्याशिवाय त्या तिला शिवत नसत. त्यांनी जाळीची मुडपलेली कड बोटानं सरळ केली. मग म्हणाल्या, "घाला की."

परत येताना वाटेत त्या आपणहून म्हणाल्या, आमच्याकडे जाळीला रंग यावा म्हणून चहाच्या पाण्यात घालतात.

मोठ्या बाईंना हे कळलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत, त्यांचा स्वभाव तसा नव्हता. त्यांनी नोराबाईंना खुर्ची दिली आणि विचारलं की तुम्ही शाळेचा शब्द मोडला, हे तुम्हाला कळतं का? बाईंनी कळतं म्हणून सांगितलं. लेसचा वर्ग बंद झाला आणि महिनाअखेर खोली सोडावी लागली. मोठ्या बाईंचं चुकलं, असं मी तेव्हाही म्हणू शकले नाही. शाळेला त्या मडमेकडे खाली मान घालून उभं राहावं लागलं होतं. पण पलीकडची खोली रिकामी झाली आणि सकाळचा कपबशीचा आवाज बंद झाला, तेव्हा मला कळलं की मी रोज त्या आवाजानं उठत होते.

लग्नात मी बाईंच्या शेजारी बसले होते. नरसम्माच्या डोक्यावरून ती जाळी होती, पिवळी धमक, कुंकवाचे डाग पडलेली. बाया पुढे येऊन तिच्यात बोट घालून बघत. नोराबाईंच्या कपाळालाही कुणीतरी हळद फासली होती. त्या म्हणाल्या, "टीचर, पिवळी लई ब्येस दिसतीया." त्या खरंच तसं म्हणत होत्या की मला दाखवायला, ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतर त्या साखर पेठेतच राहिल्या. नरसम्माच्या आईनं ओळखीनं एक माडीवरची खोली बघून दिली. त्या झबली, टोपडी शिवत, रेल्वेतल्या गोव्याच्या मुलींना भरतकाम शिकवत. लेस शिकायला कुणी आलं नाही. नरसम्मा नवऱ्याबरोबर मुंबईला गिरणीच्या चाळीत गेली. पहिल्या बाळंतपणाला आली तेव्हा ती जाळी घेऊन नोराबाईंकडे गेली आणि म्हणाली, बाळाच्या कुंचीला लावायचीय, पण कापली तर उसवंल का? बाईंनी सांगितलं, काजटाका आहे, उसवत नाही. आणि स्वतः कात्री घेऊन त्यांनीच ती कापली. कुंचीला पुरेल एवढीच. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना हसत होत्या. मुलगी झाली. तिची ती कुंची मी पाहिली. पुढे नरसम्माचं येणं कमी झालं. मुंबईला दोन मुलं, सासू, नवऱ्याची गिरणीतली पाळी. तिचंही काय चुकलं?

माझी बदली मंगळवेढ्याच्या मुलींच्या शाळेत झाली होती. वर्षातून एखाददा सोलापुरात आले की मी त्यांच्या माडीवर जाई. दर वेळी त्या थोड्या आणखी बारीक झालेल्या. मग डोळे अधू होत चालले. सुईत दोरा ओवायला खालच्या घरातल्या मुलीला हाक मारावी लागे. एकदा मी गेले तर त्यांनी दार उघडून विचारलं, कोण? मी दोन हातांवर उभी होते.

त्या वेळी मी त्यांना म्हटलं, बाई, मंगळवेढ्याला चला. मला दोन खोल्या आहेत, मी एकटीच असते. त्यांनी माझा हात धरला. बराच वेळ विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाल्या की इथे माग चालू असतात, सकाळी आवाज येतो. तिथे तुम्ही शाळेत गेलात की आवाज नाही.

मला मोटार स्टँडवर पोचवायला त्या आल्याच. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. माझा खांदा धरून चालत होत्या. स्टँडवर मंगळवेढ्याची सर्व्हिस मोटार भरत आली होती, शेजारी मोहोळची उभी होती. गर्दी, पाट्या, कोंबड्यांचे खुराडे. मी आत बसले, खिडकीतून त्यांचा हात हातात घेतला. तेवढ्यात ड्रायव्हरनं लोकांना मागे सरायला सांगितलं आणि त्या गर्दीबरोबर मागे गेल्या.

दोन्ही मोटारी बरोबरच सुरू झाल्या. मी खिडकीतून वळून पाहिलं. नोराबाई गर्दीच्या कडेला उभ्या होत्या, पांढरे झालेले केस वाऱ्यानं सुटलेले, आणि हात उंच करून त्या मोहोळच्या मोटारीकडे बघून निरोप देत होत्या. तोंडानं काहीतरी म्हणतही होत्या. मी हाक मारणार होते, पण मोटारींच्या आवाजात त्यांना ती ऐकू गेली नसती. तेवढ्यात मोहोळच्या मोटारीतल्या कुणा अनोळखी बाईनं, आपल्यालाच म्हणतात असं समजून, खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्यांना हलवून दाखवला. नोराबाईंना तो हात दिसला असावा. त्यांनी आपला हात आणखी उंच केला.